कुकीचे कान

नागपूर
१० ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,

जय भीम.

पत्र बघून हसू नकोस. ह्या हॉस्टेलमध्ये आल्या आल्या फोन जमा करून घेतले. रविवारी वॉर्डन मॅडमच्या टेबलावरून बोलता येतं, पण फक्त आई-बाबांशी. आणि बाबांनी तर आधीच सांगून टाकलंय, नीटची परीक्षा होईपर्यंत कुत्र्याचा विषय बंद. मागच्या रविवारी मी विचारलंच, कुकी कसा आहे? तर म्हणतात, "केमिस्ट्री कशी आहे ते सांग." म्हणून हे पाकीट. मेसवाल्या काकांना पोस्टात टाकायला देणार आहे.

कुकी कसा आहे? खातो का? जूनमध्ये मी त्याला तुझ्याकडे सोडून निघाली, तेव्हा तो ऑटोच्या मागे पळत होता. अभ्यासाला बसली की तेच दिसतं. दहा मिनिटं बसते, उठते, गॅलरीत चकरा मारते, परत बसते. रूममेट म्हणते, तुझ्या पायात स्प्रिंग आहे का?

तू त्याला पहिल्यांदा पाहून म्हणाली होतीस, हे कुत्रं आहे का दोन वेण्या घातलेली पोरगी? पण तुला माहीत आहे का, तू कोणाला सांभाळून राहिलीस? इंग्लिश कॉकर स्पॅनियल! स्पॅनियल हे नाव स्पेनवरून आलं म्हणतात, पण जात घडली इंग्लंडमध्ये. शेकडो वर्षं ह्यांचं काम एकच, झुडपात घुसून पक्षी उडवायचे. आणि सगळ्यात भारी गोष्ट ऐक. आधी कॉकर ही वेगळी जात नव्हतीच. एकाच आईची पिल्लं असायची. जी अकरा-साडेअकरा किलोच्या खाली राहिली ती कॉकर, जी त्याच्यावर गेली ती स्प्रिंगर! सख्खे भाऊ, पण काट्यावर उभं केलं की जात वेगळी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कुठे कॉकरला स्वतःचं वेगळं खातं मिळालं.

ह्या जातीचं शेपूट थांबत नाही. इंग्रजीत ह्याला 'मेरी कॉकर' म्हणतात, म्हणजे सदा खूश. आपला आहे ना खूश? लवकर लिही. एका कागदावर फक्त "आहे" लिहून पाठवलंस तरी चालेल.

तुझी,
अपेक्षा


मुकुटबन
२१ ऑगस्ट

अपे,

जय भीम. पोस्टमननं पाकीट देलं त संघदीप ड्युटीवरून आलाच होता. म्हणे, "माय, कोर्टाची नोटीस आली का तुह्यावर?" मी म्हणली, कोर्टाची नाई, तुह्या मामाच्या पोरीची हाय. कोर्टापरीस जास्त सवाल हायेत.

कुक्या खुशीत हाय. मले कुकी म्हनाले लाज वाट्टे, गल्लीत उभं राहून हाक मारा लागते ना. म्हणून कुक्या. त्याले चालते. भाकर खाते, वरण-भात खाते, संघदीपची चप्पल खाल्ली.

मी शिलाई मशीनवर बसली का कुठूनबी पयत येते. पायडल हाललं का भुकणं चालू. ब्लाऊज पुरा होयेवरी भुकते. बाया म्हणतात, प्रभाबाई, तुह्या दुकानाले मास्टर भेटला!

परवा वावरात नेला. कपाशीच्या पऱ्हाटीत गेला नाई, सिद्धा वावराच्या धुऱ्यावरच्या गवतात घुसला. नुसतं शेपूट दिसे, गवत हाले, अन् फुर्रकन दोन तित्तर उडाले. धरलं काहीच नाई. उडोलं अन् माह्या तोंडाकडे पाहत राह्यला, जसं काही म्या बक्षीस देयाचं हाय.

तुह्यं ते वजनाचं मी संघदीपले वाचून दाखोलं. तो हासून हासून लोळला. एका मायची लेकरं, अन् काट्यावर जात! मी म्हणली, बरं हाय बाप्पा, त्यायले निदान तोललं त. आपल्या आज्यायले कोणी तोललं बी नोतं.

एक इचारते. ह्याचे कान चालताना जमिनीले लागतात. गोखरू, कुसळं, सारं गुतते. रोज काढत बसा लागते. माह्यापाशी कात्री हाय, हात बी बसलेला हाय. आतून-बाहेरून बारीक करून टाकू का?

अभ्यास कर. गॅलरीत चकरा मारून डॉक्टर होत नसतात.

तुही,
आत्या


नागपूर
१ सप्टेंबर

प्रिय आत्या,

नाही! नाही! कात्री लावायची नाही! कानाचे ते लांब रेशमी केस हीच तर कॉकरची शान आहे. डॉग शोमध्ये जज पहिले कान बघतात. कान नाकाच्या टोकापर्यंत पोचले पाहिजेत, केस सरळ पडले पाहिजेत. मी दोन वर्षं कंगवा करून करून ते वाढवलेत. मी येईन तेव्हा मला ते तसेच पाहिजेत. प्रॉमिस कर.

पण तित्तर! आत्या, मी ते पान चार पोरींना वाचून दाखवलं. त्याला कोणी शिकवलं नाही ना? यवतमाळच्या फ्लॅटमध्ये त्याने पक्षी म्हणून फक्त कबुतर पाहिलं. तरी त्याच्या रक्तात आहे ते. वुडकॉक नावाचा पक्षी असतो, दाट झुडपात बसतो, दिसतच नाही. त्याच्यावरून ह्यांना कॉकर म्हणतात. कुत्र्याने पक्षी फक्त उडवायचा, मारायचा नाही. शिकाऱ्याने पाडला तर तोंडात असा उचलून आणायचा की एक पीस वाकडं होत नाही. इतकं मऊ तोंड. उकडलेलं अंडं दिलं तरी न फोडता आणून देईल, करून बघ.

त्याला बांधून ठेवू नकोस. रोज गवतात जाऊ दे. जितकं दाट, तितकं चांगलं. तो बिचारा दोन वर्षं सोफ्याखाली घुसून शिकार करून राहिला होता.

इथे टेस्टमध्ये मार्क पडले. किती, ते विचारू नकोस.

अपेक्षा


मुकुटबन
२४ सप्टेंबर

अपे,

उशीर झाला, रागावू नको. लग्नाचे ब्लाऊज आले होते.

अंडं देऊन पाह्यलं. खाल्लं. टरफलासकट.

कात्री नाई लावली. तू म्हणली म्हणून रोज गवतात सोडते. आता गवत कमरेएवढं हाय, कुसळं पिकले. घरी येते तवा कुत्रं कमी अन् गवताची गंजी जास्त दिसते.

मंधात आठ-धा दिवस डोकं लय झटके. झटकून झटकून खांबावर आपटे. मांगच्या पायानं कान खाजवे अन् कुईकुई करे. मी म्हणली कान दुखत असंन. लसूण टाकून तेल कोमट केलं अन् दोन्ही कानात सोडलं. तुह्या बापाच्या कानात माह्या मायनं असंच टाकलं होतं, मी टाकलं संघदीपच्या, सारे बरे झाले. कुक्या बी शांत झाला. आता झटकत नाई तेवढा. कानाले थोडा वास येते, आंघोळ घालून देली.

शांत म्हणजे इतका शांत झाला का मशीन चालू केली तरी उठत नाई. बाजूलेच झोपून राह्यते. बाया म्हणतात मास्टर रिटायर झाला. शहाणा झाला म्हण ना. हाक मारली का मात्र येत नाई. पाठ करून बसते. संघदीप म्हणे, फुगला तो, लाडानं.

दसऱ्याले दीक्षाभूमीवर येऊन राह्यली, गावच्या बायायसंग. तुह्या हॉस्टेलच्या फाटकापाशी येते. मॅडमले सांगून ठेव.

आत्या


नागपूर
५ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

तू गेलीस आणि मला सुचलं की मी काहीच विचारलं नाही. दहा मिनिटं, त्यातली पाच मॅडम रजिस्टरमध्ये तुझं नाव लिहीत होती, आणि तू माझ्या हातात चिवड्याची पिशवी कोंबत होतीस. मी म्हटलं कुकी? तू म्हणालीस, "मस्त हाय," आणि लगेच त्या समोरच्या केळीवाल्याकडे बघायला लागलीस. केळी घेतली पण नाहीस. आत्या, मस्त आहे ना खरंच?

हाक मारली तर येत नाही, ह्याची काळजी करू नकोस. हे पण ब्रीडचंच आहे! स्पॅनियलचं नाक चालू झालं की कान बंद होतात, असं सगळे लिहितात. वासाच्या मागे लागला की मालक ओरडला काय, ढोल वाजला काय. इंग्लंडमध्ये म्हणून शिट्टी वापरतात. आवाज लांब जातो. संघदीपदादाला सांग, क्रिकेटवाली शिट्टी घेऊन ये. एक लांब शिट्टी मारली की बिस्किट द्यायचं. आठवड्यात शिकेल. ही फार हुशार जात आहे.

आणि रात्री बाहेर ठेवत नाहीस ना? तिकडे वाघाचं ऐकते मी.

चिवडा एका दिवसात संपला. चार पोरी आहेत आणि मेसची भाजी तुला माहीत नाही.

अपेक्षा


मुकुटबन
११ ऑक्टोबर

अपे,

शिट्टी आणली. संघदीपनं अंगणात उभं राहून इतकी वाजोली का शेजारचे किसनराव काठी घेऊन आले, म्हणे वाघ आला का काय! कुक्यानं मान बी वर केली नाई.

आता फाटकापाशी जे नाई सांगतलं ते लिहून टाकते. फाटकापाशी तू इतकी वाळलेली दिसली का माह्या तोंडातून निंघालं नाई.

मी नागपूरले येयाच्या आदल्या दिवशी किसनरावचा ट्रॅक्टर रिव्हर्समधी मांगं येत होता. कुक्या रस्त्याच्या मधात झोपलेला. ट्रॅक्टर धडधडून राह्यला, आम्ही सारे बोंबलून राह्यलो, अन् हा आरामात. संघदीपनं उडी मारून पायाले धरून ओढला. एक हात राह्यला होता चाक. मले इतका संताप आला का मी मांगून जाऊन त्याच्या पाठीवर हात टाकला, दोन धपाटे द्यावं म्हणून. त असा दचकला अन् गर्रकन फिरून चावाले आला. दात लागले नाई, बांगडी फुटली.

अपे, ह्या कुत्र्यानं कधी लेकराले बी गुरकावलं नोतं. लोकं म्हणतात पिसाळते आता, सोडून दे रानात. मी सोडत नाई. पण बांधून ठेवला हाय अन् मले त्याचं भेव वाट्टे. थाळी लांबूनच सरकवते. मी सरकवली का तो माह्याकडे पाहते, मंग मी मांगं सरकते. दोघायले बी समजत नाई काय झालं.

मान एका अंगाले वाकडी करून बसते. तेल चालूच हाय, रोज रात्री.

तुह्या पुस्तकात ह्याचं काही लिहिलं हाय का?

आत्या


नागपूर
१६ ऑक्टोबर
स्पीड पोस्टने

आत्या,

तेल बंद कर. आजच. हे पत्र हातात असतानाच बंद कर.

तो पिसाळला नाही. फुगला नाही. त्याला ऐकू येत नाही, आत्या! मशीनला उठत नाही, शिट्टीला मान वर करत नाही, ट्रॅक्टर अंगावर आला तरी झोपलेला, मागून हात लावला तर दचकतो. मी काल बायॉलॉजीच्या क्लासमध्ये बसली होती, सर कानाची आकृती काढत होते फळ्यावर, आणि माझ्या हातातून पेन पडला. इतके दिवस मी तुझी पत्रं उशीखाली ठेवून झोपून राहिली आणि मला एक ओळ वाचता आली नाही.

कॉकरचे कान जड असतात, झाकणासारखे. आत हवा जात नाही. ओल राहिली की सडतं. आणि त्यात कुसळ गेलं की ते पुढेच जातं, मागे येत नाही, त्याची बनावटच तशी आहे. तो डोकं आपटत होता तेव्हाच कुसळ आत गेलं असेल. आणि तू त्याच्यावर तेल ओतलंस. रोज! कोणी सांगितलं होतं तुला तेल ओतायला? तो काय संघदीपदादा आहे? एकदा डॉक्टरला विचारायचं नाही का? आणि मला तोंडावर सांगितलंस, मस्त हाय!

वणीला कुत्र्यांचा डॉक्टर आहे, मी इथल्या एका पोरीकडून पत्ता घेतला, मागे लिहिला आहे. उद्याच्या उद्या ने. पायी ने, उचलून ने, कसंही ने.

दिवाळीला मला सोडत नाहीत. टेस्ट सिरीज आहे. मी भिंतीवर डोकं आपटून राहिली आहे.

अपेक्षा


नागपूर
२४ ऑक्टोबर

आत्या,

उत्तर नाही. माझं पत्र मिळालं का? मी वाईट लिहिलं, मला माहीत आहे. पोस्टात टाकल्यावर परत मागायला गेली होती, ते देत नाहीत.

रविवारी मी बाबांना सगळं सांगून टाकलं. मग बाबा म्हणाले, "बरं," आणि ठेवून दिला. फक्त बरं.

तू काहीतरी लिही. शिव्या लिही.

अपे


मुकुटबन
२६ ऑक्टोबर

अपे,

तुह्यं पत्र भेटलं. वाचलं अन् दोन दिवस मशीनखाली ठेवून देलं. तेल मी टाकलं, खरं हाय. पण कानाले कात्री लावू नको म्हणणारी कोण? गवतात सोड, जितकं दाट तितकं चांगलं, कोणं लिहिलं? मी तुही पत्रं जपून ठेवली हायेत, पोरी. तुले एक इचारलं होतं मी, आतून-बाहेरून बारीक करू का. तुले जजचं पडलं होतं.

झालं. हे एकदा लिहाचं होतं, लिहिलं. आता ऐक.

भाऊबीज आटोपली अन् शुक्रवारी मी त्याले ओढणीत गुंडाळला अन् वणीच्या एस्टीत चढली. कंडक्टर म्हणे, "बाई, कुत्रं चालत नाई." मी म्हणली, "कुत्रं नाई बाप्पा, पेशंट हाय." बाजूले एक म्हातारा. त्याले काही दिसलं नाई, म्हणे, "लेकराले काय झालं वो?" म्हणली, कान दुखते. त म्हणे, "लहान हाय, होते बरं," अन् ओढणीवरून हात फिरोला. तवा ओढणीतून नाक बाहेर आलं! म्हातारा असा उठला का थेट ड्रायव्हरपाशी जाऊन बसला. सारी गाडी हासली. मले रडू आलं.

स्टँडवर तुहा बाप उभा. मले फोन करून म्हणला होता, ताई, मी येतो गाडी घेऊन. मी नको म्हणलं, माह्यं मी पाहीन. त रजा टाकून यवतमाळवरून थेट वणीलेच आला. कुक्याले माह्या हातातून घेतलं अन् डॉक्टरच्या टेबलावर शेवटपर्यंत त्यानंच धरून ठेवलं. पांढरा शर्ट होता, पुरा खराब झाला. त्याले सांगू नको मी लिहिलं म्हणून.

डॉक्टरनं सुई देऊन झोपोलं, आतले केस कापले, लाईट लावून पाह्यलं. उजव्या कानातून दोन कुसळं काढले, डाव्यातून चार. म्हणे तेलानं मऊ होऊन अजून आत सरकले. डाव्याचा पडदा फाटला, आत पू होता. त्या दुखण्यानंच चावाले धावला, म्हणे, पिसाळला-बिसाळला नाई. मी टेबलापाशी खाली बसली. डॉक्टर म्हणे, बाई, तुमाले चक्कर आली का? चक्कर नाई, अपे. मी त्याले तीन आठवडे लांबून थाळी सरकोली होती.

औषध देलं. महिनाभर कळणार नाई म्हणे, किती ऐकू येते अन् किती गेलं.

आत्या


नागपूर
१ नोव्हेंबर

आत्या,

मी मोठं पत्र लिहिलं होतं, त्यात खूप सॉरी होते, फाडून टाकलं. कान मीच वाढवले, मीच गवतात पाठवला. तू म्हणतेस ते खरं आहे.

रविवारी बाबांनी केमिस्ट्री विचारली नाही. विचारलं, "त्या जातीचं अजून काय काय सांगत होतीस तू?" मी सांगत बसली, मॅडमने वेळ संपली म्हटलं तरी ते ठेवत नव्हते. पण कुकीचं त्यांनाही माहीत नाही.

मला फक्त एक सांग. त्याला ऐकू येतं का?

अपे


मुकुटबन
२३ नोव्हेंबर

अपे,

तुह्या सवालाले तीन आठवडे लागले, कारण मले बी माहीत नोतं. काल डॉक्टरनं पाह्यलं. डावा गेला. त्यानं ऐकू येत नाई आता. उजव्यानं येते, पुरं नाई, पण येते.

पण अर्धं ऐकणं म्हणजे काय, हे मले डॉक्टरनं नाई, कुक्यानं दाखोलं. आज सकाळी तो अंगणात ऊन खात होता, पाठ माह्याकडे. मी वसरीवरून हाक मारली, "कुक्या!" अपे, त्याचा कान हालला. ताडकन उठला. मी खुश होऊन हात पसरले, अन् हा सुसाट उल्ट्या अंगाले पयत गेला, थेट किसनरावच्या फाटकापाशी. तिथं मी थोडीच होती? थांबला. इकडे पाह्यलं, तिकडे पाह्यलं. एका कानानं आवाज आला एवढं समजते, कुठून आला हे समजत नाई, असं डॉक्टर म्हणे. मंग नाक खाली घातलं, अन् हुंगत हुंगत, गोठ्याले वळसा घालून, तुळशीपासून, नळापासून, पुरं अंगण फिरून माह्या पायापाशी आला. शेपूट त काही इचारू नको.

मी पुन्हा हाक मारून पाह्यली, दुपारी, मंग चार वाजता. दर बार चुकीकडे पयते. दर बार येते.

दुपारच्या बारीले मीच त्याच्या मांगं धावली होती. तवा त माह्याच भोवती गोल गोल फिराले लागला, सापडेच ना. आपण हाललो का त्याचं सारं बिघडते.

म्हणून सांगून ठेवते. तुही परीक्षा होईन, तू येशीन, फाटकातूनच बोंबलशीन, मले माहीत हाय तू कशी हाय ते. तो ऐकंन अन् दुसरीकडेच पयंन. तवा रडजो नको अन् त्याच्या मांगं धावजो नको. जिथं हाय तिथंच उभी राह्यजो. थोडा वेळ लागंन. येते तो.

तुही,
आत्या